देवमाता की ख्रिस्तमाता?

येशूच्या आईला, मरियेला, कोणत्या नावाने हाक मारायची, यावरून ख्रिस्ती जग दुभंगलं असं सांगितलं तर पटायला जड जातं. पण 428मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा पॅट्रिआर्क झालेल्या नेस्टोरियसने ‘देवमाता’ या रूढ बिरुदावर बोट ठेवलं आणि ठिणगी पडली. अनादी देवाला आई कुठून असणार? त्यापेक्षा ‘ख्रिस्तमाता’ म्हणा, हे त्याचं म्हणणं.

प्रश्न जुनाच होता. येशू पित्याच्याच तत्त्वाचा, हे 325मध्ये निकियाच्या परिषदेत ठरलं. मग तो माणूस किती? लाओदिकियाच्या अपोलिनारिसने उत्तर दिलं, की देह आपला, बुद्धीच्या जागी मात्र साक्षात दैवी शब्द, म्हणजे देवाचा पुत्र. त्यावर नाझियानझसच्या ग्रेगरीने बिनतोड सवाल टाकला: माणसाचं मन त्याने घेतलंच नसेल, तर त्या मनाचं तारण कसं व्हायचं? 381मध्ये अपोलिनारिसचं मत बाद झालं.

नेस्टोरियसला भिडला अलेक्झांड्रियाचा सिरिल. जन्मला तो आणि क्रुसावर मेला तो एकच, देवाचा पुत्र. त्याचे दोन तुकडे करू नका, हा त्याचा हेका. विचार खोल, वागणूक मात्र धाकदपटशाची. 431मध्ये इफिससला परिषद भरली, तेव्हा नेस्टोरियसच्या बाजूचे अंत्युखियाचे बिशप अजून वाटेत होते. सिरिलने त्यांची वाट न पाहता 22 जूनला सभा उरकून नेस्टोरियसला पदच्युत केलं. उशिरा पोचलेल्यांनी वेगळी सभा भरवून सिरिललाच पदच्युत ठरवलं! अखेर सिरिल पदावर परतला आणि नेस्टोरियस इजिप्तच्या हद्दपारीत संपला.

खरी गोम ‘स्वभाव’ या शब्दात होती. स्वभाव म्हणजे राग-लोभ नव्हे, मूळ घडण. सिरिल ‘एक स्वभाव’ म्हणे तेव्हा त्याच्या मनात एक जिवंत अस्तित्व असे. अंत्युखियाच्या लोकांना त्यात दोन घडणींची खिचडी दिसे.

451मध्ये कॅल्सिडनच्या परिषदेने सूत्र घडवलं: एक व्यक्ती, दोन स्वभाव, त्यांची सरमिसळ नाही, बदल नाही, विभागणी नाही, ताटातूट नाही. ‘नेति नेति’ ठाऊक असलेल्या वाचकाला ही चार नकारांची रीत परकी वाटू नये. मला तर त्यातच परिषदेचं शहाणपण दिसतं. इजिप्त, सीरिया आणि आर्मेनियातल्या अनेकांनी मात्र ते मानलं नाही.

नेस्टोरियसला मान देणारी मंडळी पर्शियात टिकली, आणि तिथून हा वाद आपल्या किनाऱ्याला लागला. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस ‘कल्लियाना’ इथे पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचं नोंदवतो. काही अभ्यासक हे आपलं कल्याण मानतात. केरळच्या ख्रिस्ती लोकांचे बिशपही तिकडूनच येत. 1599मध्ये गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी कोचीजवळ उदयंपेरूरला सभा बोलावून त्यांच्या सिरियाक ग्रंथांवर नेस्टोरियसच्या मतांचा ठपका ठेवला. कितीतरी ग्रंथ आगीत गेले.

1994च्या नोव्हेंबरमध्ये पोप जॉन पॉल दुसरे आणि त्याच पर्शियन परंपरेतल्या असिरियन चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी रोममध्ये संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. त्यात दोन्ही परंपरांची मरियेसाठीची बिरुदं योग्य मानली आहेत.