सेकंड हँड बाइक थरथरतेय? घेण्याआधी या तीन चाचण्या करा

‘गाडी एकदम कंडिशनमध्ये आहे, फक्त थोडे व्हायब्रेशन आहे,’ जुनी बाइक बघायला गेले की हे वाक्य हमखास कानावर पडते. हे ‘थोडे’ कधी एक बोल्ट आवळून संपते, तर कधी त्यासाठी अख्खे इंजिन खोलावे लागते. कामासाठी दिवसाचे आठ-दहा तास बाइकवर काढणाऱ्यांच्या खिशाचा आणि हाताचाही प्रश्न यात असतो. म्हणून पैसे देण्याआधी थरथर नेमकी कुठून येते, हे पाहून घ्यायला हवे.

थोडी थरथर असणारच का?

हो. १०० ते १५० सीसीच्या बहुतेक बाइकमध्ये एकच सिलिंडर असतो. त्यातला पिस्टन सतत खाली-वर आपटल्यासारखा धावतो आणि त्याचा धक्का क्रँकवरच्या वजनाने पूर्णपणे भरून निघत नाही. हा धक्का कमी करण्यासाठी काही इंजिनांत बॅलन्सर शाफ्ट बसवतात. रॉयल एनफिल्डच्या जुन्या ३५० सीसी बुलेटमध्ये तो नव्हता. २०२० मध्ये आलेल्या मिटिऑर ३५० मध्ये तो आहे. त्यामुळे दोन्हींची थरथर सारखी नसते. शक्य असल्यास त्याच मॉडेलची, चांगल्या स्थितीतली दुसरी बाइक आधी चालवून पाहा. तुलना करायला तेच माप उत्तम.

चाचणी १ : क्लच दाबा

सरळ, मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० ते ५० किमी वेगाने जाताना थरथर जाणवली, की रेस सोडा आणि क्लच दाबा. इंजिनाचा वेग झटकन खाली येतो, चाके मात्र त्याच वेगाने फिरत राहतात. थरथर लगेच थांबली, तर संशय इंजिनावर किंवा त्याची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या भागांवर. तशीच राहिली, तर इंजिन बहुधा निर्दोष आहे. मग टायर, रिम आणि चाकाचे बेअरिंग तपासा.

थरथरीच्या जातीवरूनही अंदाज येतो. मिनिटाला ५ हजार फेरे घेणारे इंजिन सेकंदाला सुमारे ८३ वेळा फिरते. ताशी ६० किमी वेगाला १७ इंची चाक सेकंदाला जेमतेम ९ वेळा फिरते. म्हणून इंजिनाचा दोष हातापायांना मुंग्या आणणारा बारीक असतो. चाकाचा दोष धपधप किंवा हेलकाव्यासारखा जाणवतो.

चाचणी २ : न्यूट्रलमध्ये रेस द्या

बाइक डबल स्टँडवर लावा, न्यूट्रलमध्ये ठेवा आणि रेस हळूहळू वाढवा. रस्त्यावर जाणवलेली थरथर इथेही आली, तर दोष इंजिनात किंवा ते चॅसिसला धरून ठेवणाऱ्या फाउंडेशन बोल्टमध्ये आहे. न्यूट्रलमध्ये शांत आणि गिअर टाकून ओढताना थरथर, असे असेल तर चेन-स्प्रॉकेट आणि मागच्या हबमधले रबर पाहा. चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी ढिली लागत असेल, तर ती असमान झिजली आहे. फक्त आवळून भागणार नाही.

एक चूक मात्र टाळा. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये अगदी कमी वेगाने रेस पिळली, तर चांगली बाइकही धडधडते. तो इंजिनाचा दोष नाही, गिअर चुकला आहे.

चाचणी ३ : आधी थंड, मग गरम

विक्रेत्याला आधीच सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होतानाचा आवाज ऐका. मग १५ मिनिटे चालवून पुन्हा ऐका. कधी कधी खडखड दबावी म्हणून जाड ऑइल भरलेले असते. गरम झाल्यावर ते पातळ होते आणि लपवलेला आवाज वर येतो. रेस देताना खोलवरून ‘खटखट’ येत असेल, तर कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजल्याची शक्यता असते. जड घरघर असेल, तर क्रँकच्या बेअरिंगची. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे.

स्वस्तातला दोष कोणता?

फाउंडेशन बोल्ट ढिला असेल, तर त्याच्याभोवती घासल्याची चकाकी किंवा तांबूस भुकटी दिसते. हँडलच्या टोकांची वजने किंवा फूटरेस्टचे रबर गायब असले, तरी हातापायांना मुंग्या येतात. काळवंडलेला प्लग, चुकलेले टॅपेट, अडखळणारे आयडलिंग हेही साध्या सर्व्हिसिंगमध्ये सुटणारे दोष. पण फाउंडेशन बोल्ट जोर लावून वाटेल तितका आवळणे हा उपाय नाही. कंपनीने ठरवलेल्या मापानेच तो आवळावा, नाहीतर आटे जातात किंवा माउंटिंगला तडा जातो.

खरा धोका इंजिन आधी खोलले गेले असेल तेव्हा असतो. चुकीच्या वजनाचा पिस्टन बसवला किंवा बॅलन्सरची खूण न जुळवता इंजिन बंद केले, तर थरथर कितीही बोल्ट आवळले तरी जात नाही. इंजिनाच्या जोडांवर ताजे सीलंट आणि खरवडलेले स्क्रू दिसले, तर काय काम झाले ते विचारा आणि बिल मागा. इंजिन व चॅसिस क्रमांक आरसीशी जुळवून घ्या.

सौदा कसा करायचा?

दोष चेन, रबर किंवा बोल्टचा असेल, तर तेवढा खर्च किमतीतून वजा करून घ्या. खटखट किंवा घरघर असेल, तर ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या. त्याने इंजिन खोलण्याचा अंदाज दिला, तर तो बाइकच्या किमतीत मिळवा आणि मगच ‘स्वस्त’ आहे का ते ठरवा. विक्रेता टेस्ट राइड द्यायलाच तयार नसेल, तर दुसरी बाइक बघितलेली बरी.