एफसी पुणे सिटी : एक यशस्वी हंगाम आणि त्यानंतरचा शेवट

व्यावसायिक फुटबॉल क्लबच्या हंगामाचे मोजमाप सहसा गुणतक्त्यावरून केले जाते. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक गुण आणि पराभवाला शून्य अशा साध्या हिशेबावर काही महिन्यांची मेहनत पारखली जाते. मात्र एखाद्या शहरात फुटबॉल रुजला की नाही, हे या तक्त्यावरून कळत नाही, आणि पुण्याच्या एफसी पुणे सिटी या क्लबचा २०१७-१८चा हंगाम हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

इंडियन सुपर लीग ही स्पर्धा २०१४मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली. तिची रचना फ्रँचायझी पद्धतीची होती, म्हणजे उद्योगसमूहाने ठरावीक शुल्क भरून एखाद्या शहराच्या नावाने संघ चालवण्याचा हक्क मिळवायचा. पुण्याचा संघ वाधवान समूहाकडे होता आणि अभिनेता हृतिक रोशन सहमालक होता. फ्रान्सचा विश्वविजेता खेळाडू डेव्हिड त्रेझेगे पहिल्याच वर्षी करारबद्ध झाला, पुढे इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट प्रशिक्षक म्हणून आले. तरीही पहिल्या तिन्ही हंगामांत संघाला उपांत्य फेरी गाठता आली नाही.

चौथ्या हंगामात चित्र पालटले. बेंगळुरू आणि जमशेदपूर यांच्या समावेशाने संघांची संख्या दहा झाली, प्रत्येक संघाने इतर नऊ संघांशी एकदा घरच्या आणि एकदा परक्या मैदानावर खेळायचे असल्याने साखळी सामने अठरा झाले आणि स्पर्धा नोव्हेंबर ते मार्च अशी लांबली. सर्बियाचे रँको पोपोविच यांनी प्रशिक्षकपद स्वीकारले. आधीच्या हंगामात सर्वाधिक गोल करणारा ब्राझीलचा मार्सेलिन्हो आणि उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो ही आक्रमक जोडी संघात आली, तर स्पेनच्या मार्कोस तेबारकडे नेतृत्व होते. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत दिल्लीविरुद्धचा पहिला सामना पुण्याने २-३ असा गमावला. परंतु पुढच्याच सामन्यात गतविजेत्या कोलकात्याला त्यांच्याच मैदानावर ४-१ असे हरवून संघाने आपली ताकद दाखवली आणि डिसेंबरअखेर नॉर्थईस्ट युनायटेडवर ५-० असा मोठा विजय मिळवला. साखळी संपली तेव्हा नऊ विजय आणि तीन बरोबरींसह पुण्याकडे ३० गुण होते. त्या आधारे चौथे स्थान आणि पहिल्यांदाच उपांत्य फेरीतील प्रवेश निश्चित झाला.

उपांत्य फेरीत बेंगळुरूशी दोन सामने होते आणि दोन्ही सामन्यांतील एकत्रित गोलसंख्येवर निकाल ठरायचा होता. बालेवाडीतील पहिली लढत गोलशून्य बरोबरीत सुटली. ११ मार्च २०१८ रोजी बेंगळुरूत झालेल्या दुसऱ्या लढतीत जोनातन लुक्काने फ्री किकवर गोल करून पुण्याच्या आशा जिवंत ठेवल्या. परंतु सुनील छेत्रीने हॅट्रिक साधली आणि पुण्याचा १-३ असा पराभव झाला.

या हंगामाचे खरे मोल मात्र गुणसंख्येपेक्षा तरुण भारतीय खेळाडूंमध्ये होते. गोलरक्षक विशाल कैथ आणि आक्रमक आशिक कुरुनियन या दोघांचीही २०१९च्या आशियाई चषकासाठी भारतीय संघात निवड झाली. त्यांपैकी केरळचा आशिक पुणे एफसीच्या अकादमीत घडलेला होता. पुणे एफसी हा त्याआधीचा क्लब २००७मध्ये पिरामल समूहाने उभारला होता. दुसऱ्या श्रेणीतून वर येऊन तो २०१२-१३च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला, परंतु २०१५मध्ये मालकांनी व्यावसायिक फुटबॉलमधून अंग काढून घेतले. त्याची अकादमी पुढे एफसी पुणे सिटीने आपल्याकडे घेतली आणि म्हणूनच एका क्लबची मेहनत दुसऱ्या क्लबच्या उपयोगी पडू शकली.

दुर्दैवाने ही परंपराही फार काळ चालली नाही. पुढच्या हंगामात प्रशिक्षक बदलत राहिले, संघ सातव्या स्थानी घसरला आणि २०१९मध्ये आर्थिक अडचणींमुळे क्लबच बंद पडला. स्पर्धेतील त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली. उपांत्य फेरीच्या त्या सामन्यानंतर दीड वर्षाच्या आत शहराला संघ उरला नाही आणि भगव्या-जांभळ्या रंगांत बालेवाडीला जाणाऱ्या पाठीराख्यांचे या निर्णयाबाबत कोणी मतही घेतले नाही.

स्वीडनमधील व्यवस्था याच्या अगदी उलट आहे. तेथे क्लब चालवण्यासाठी कंपनी स्थापन केली, तरी तिच्यातील किमान ५१ टक्के मताधिकार सभासदांच्या संस्थेकडेच ठेवावा लागतो, त्यामुळे एखाद्या गुंतवणूकदाराच्या मर्जीने क्लब बंद पडत नाही. स्टॉकहोममधील एआयके हा १८९१ साली स्थापन झालेला क्लब २००४मध्ये सर्वोच्च श्रेणीतून खाली घसरला, एका वर्षात वर परतला आणि २००९मध्ये विजेता झाला. तेथील पाठीराख्याला पदावनतीचे दुःख सोसावे लागते, पण आपला क्लबच नाहीसा होईल ही भीती त्याला सहसा बाळगावी लागत नाही.

पुण्यात खेळाडू, मैदाने आणि जिल्हा संघटनेच्या स्पर्धा आजही आहेत. उणीव आहे ती क्लबच्या भवितव्यात पाठीराख्यांना हक्काचा वाटा देणाऱ्या रचनेची. पुढे केव्हा तरी या शहराच्या नावाने नवा व्यावसायिक संघ उभा राहिला, तर नामवंत परदेशी खेळाडूंच्या करारांआधी सभासदत्वाची व्यवस्था आणि मालकांच्या नफातोट्यापासून सुरक्षित असलेली अकादमी या दोन गोष्टींची तजवीज व्हायला हवी. ती झाली, तरच चांगल्या हंगामाचे श्रेय आणि वाईट हंगामाची शिकवण, दोन्ही शहराकडे शिल्लक राहतील.