बोरकाठची जागल

सेलूहून हिंगणीवरून बोरधरणाकडे जी सडक जाते, तिच्या दोहो बाजूंस पौषात हरभरा, गहू, तूर आणि शेवटच्या वेच्याला आलेली कपाशी उभी असते. आणि या उभ्या पिकांतून, चार खुंटांच्या आधाराने दीड-दोन पुरुष उंचीवर बांधलेले, वर पऱ्हाट्यांचे नाहीतर फाटक्या ताडपत्रीचे छप्पर घेतलेले माळे दिवसा पाहणाराला इतके पोरखेळासारखे वाटतात, की याच फळकुटांवर या गावांतील कर्ते पुरुष ऐन थंडीच्या रात्री काढतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निंदण-ओलितास लागतात, हे त्याला सांगूनही खरे वाटू नये. कोणी त्यांस माळा म्हणतात, कोणी मचाण. काम एकच: जागल.

त्या रात्रीपुरते ज्यांचा मी पाहुणा होतो त्यांचे तीन एकर वावर बोरच्या जंगलापासून हाकेच्या अंतरावर आहे. घरात कर्ता मुलगा आहे, आणि ज्यांना सारे गाव काकाजी म्हणते ते त्याचे वृद्ध वडील आहेत. काकाजींनी उभ्या जन्मात स्वतः एकही जनावर मारलेले नाही. परंतु मालगुजारी गेल्यानंतरही जुन्या मालगुजारांच्या वाड्यांतून शिकारीचा शौक काही वर्षे टिकून होता, आणि नागपूरकडील पाहुणे जीपगाडीतून येत, त्या काळात काकाजी पोरवयात हाकाऱ्यांच्या रांगेत पत्र्याचा डबा वाजवीत चाललेले आहेत. शिकाऱ्याच्या अंगी जे गुण असावे लागतात, म्हणजे वाऱ्याची जाण, मागाची ओळख, आवाजाची पारख आणि तासन्‌तास न हलता बसण्याची ताकद, ते सारे त्यांनी त्या वेळी दुरून पाहून उचलले. पुढे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, बंदुका वाड्यांतील भिंतींवर गेल्या, आणि ही सारी विद्या एका हरभऱ्याच्या वावराच्या राखणीस लागली. मला ती पाहायची होती.

शिकारीची हत्यारे निवडणे हा जगभर मोठ्या चोखंदळपणाचा विषय मानला जातो. अमेरिकेत धनुष्याने हरणे मारणारांचा एक मोठा वर्ग आहे. त्यांच्यासाठी ॲलन नावाच्या एका गृहस्थाने टोकांना कप्प्या बसविलेले धनुष्य काढले आणि 1969 साली त्याचे पेटंट मिळविले, तेव्हापासून दोरी किती वजनाने खेचावी लागते, खेचून धरलेली असताना हातावर किती भार राहतो, धनुर्धराच्या बाहूची लांबी किती, यांचे कोष्टक मांडल्यावाचून तेथे कोणी धनुष्य विकत घेत नाही. आमच्या मध्य भारतातील गोंडांचे धनुष्य बांबूचे, आणि पुष्कळदा त्याची दोरीही बांबूच्याच सालपटाची. फासेपारधी तर धनुष्याच्या वाटेसही फारसे गेले नाहीत. जनावरांच्या स्नायूंपासून वळलेल्या दोरीचे फास आणि शिकवून तयार केलेली गाय, एवढ्या सामग्रीवर, त्या गाईच्या आडोशाने पावलापावलाने सरकत, ते हरणाच्या कळपापर्यंत पोहोचत. त्या विद्येची सरकारदरबारी काय किंमत झाली ते 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात नमूद आहे, आणि तो कायदा रद्द व्हायला 1952 साल उजाडावे लागले.

काकाजींचे हत्यार गोफण. सुतळीची गोफण पावसाने फुगते आणि हिवाने ताठरते, म्हणून त्यांची अंबाडीची असते, घरी वळलेली. दगड ठेवण्याची पट्टी विणताना ती फार खोल झाली तर दगड उशिरा सुटतो आणि फार उथळ झाली तर फिरविताना मागेच गळतो. एका पदराच्या टोकाला बोटात अडकविण्याचा फासा असतो, दुसरा पदर ऐन क्षणी सोडायचा असतो. आणि दोन्ही पदर मुठीत धरून हात खाली सोडला असता पट्टी गुडघ्याच्या जरा खाली लोंबावी, हे त्यांचे माप. उंच मुलाची गोफण बुटक्या बापाला चालत नाही. दगड बोर नदीतले, पाण्याने घासून गुळगुळीत झालेले, कोंबडीच्या अंड्याएवढे, आणि ते माळ्यावर उजव्या मांडीपाशी अशा रीतीने रचलेले की अंधारात हात चुकू नये. पण सर्वांत मोठा भेद पुढेच आहे. धनुर्धर जनावराचा नेम धरतो. गोफणवाला जनावर चुकविण्याचा नेम धरतो. दगड डुकराच्या पाठीवर बसला तर ते बिथरून पिकातच धावते आणि खाण्यापेक्षा तुडवण्याचेच नुकसान अधिक होते. तेव्हा तो त्याच्या मागे, पिकाच्या बाजूला पडला पाहिजे, म्हणजे ते आवाजाला पाठ करून रानाकडे पळते. हे सांगताना काकाजींनी दिवसाउजेडी एक दगड सोडून दाखविला. सत्तर-ऐंशी पावलांवरच्या बाभळीच्या बरोबर डावीकडे, दोन हात अंतर राखून, तो पडला. मी म्हटले, नेम चुकला. त्यावर ते हसले देखील नाहीत.

जेवणखाण आटोपून आम्ही माळ्यावर चढलो तेव्हा आठ वाजले असतील. त्या आठवड्यात कृषिपंपाची वीज रात्रीची होती, म्हणून मुलगा खाली गव्हाला पाणी देत होता आणि वर आम्ही दोघे घोंगड्या पांघरून बसलो होतो. काकाजींनी पहिली गोष्ट केली ती अशी की, चिमूटभर राख हवेत सोडून पाहिली.

"वारा रानाकडून आहे," ते म्हणाले. "आज तकलीफ आहे."

मला वाटले, बरेच झाले. शिकाऱ्याला वारा नेहमी जनावराकडूनच हवा असतो. काकाजींनी समजावले ते असे: शिकाऱ्याला आपला वास जनावराला लागू द्यायचा नसतो आणि जागल्याला तो लागू द्यायचा असतो. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे वावराकडून जंगलाकडे जाणारा. तेव्हा माणसाचा घाम, बिडी, शेकोटीचा धूर हे सारे रानात आपोआप वर्दी देते. हिवाळ्यात वारा फिरतो आणि उत्तरेकडून, डोंगराकडून खाली येतो; मग माळा कुठेही बांधा, माणसाचा वास सेलूकडे जातो आणि डुकराला काहीच कळत नाही.

"डोयानं नाही जी, डुक्कर नाकानं पायते," काकाजी म्हणाले. "पयले बिडी पेटवली का शिकार जाये. आता बिडी पेटवा, म्हंजे डुक्कर जाते. काम थेच, हिशोब उलटा."

हा उलटा हिशोब मी नंतर बराच वेळ घोळवीत बसलो, कारण त्याखेरीज करण्यासारखे काही नव्हते. अमेरिकेतील शिकारी हरणांना खेचून आणण्यासाठी मुद्दाम रानाच्या कडेला क्लोव्हर, शलगम, सोयाबीन पेरून ठेवतात आणि त्या पेऱ्यावर नजर ठेवून मचाणावर बसतात, असे मी वाचले होते. सेलू तालुक्यातील शेतकरी तेच सोयाबीन पेरतो, रानाच्या कडेलाच पेरतो, मचाणावरही बसतो, फक्त जनावराने येऊ नये अशी त्याची इच्छा असते. खुद्द जंगलातही पेरा आहेच. बोर हे 1970 साली अभयारण्य झाले आणि 2014 साली व्याघ्रप्रकल्प. त्याचा गाभा सुमारे 138 चौरस किलोमीटरांचा, म्हणजे देशातील लहानात लहान व्याघ्रप्रकल्पांत मोडणारा. त्याच्या पोटात असलेले नवरगाव उठवून त्याचे पुनर्वसन करण्यात आले आणि जेथे घरे व वावरे होती तेथे आता कुरण आहे. चितळांनी बाहेर येऊ नये म्हणून तरोट्यासारखी निरुपयोगी झाडोरी उपटून गवत राखावे लागते. एका गावाच्या जागी चाऱ्याचे वावर झाले आणि दुसऱ्या गावच्या वावरात चारा शोधीत जनावरे येतच राहिली. दक्षिणेला, याच तालुक्यात, केळझर आहे. ती महाभारतातली एकचक्रानगरी, आणि बकासुराला रोज गाडाभर अन्न याच गावाने पुरविले, असे तेथील लोक परंपरेने सांगतात. जागलीवर बसलेल्या माणसाला ही कथा फार जुनी वाटत नाही.

दहाच्या सुमारास एक कोल्हा ओरडला. नंतर बराच वेळ काही नाही. अकरा-साडेअकराला उत्तरेच्या धुऱ्यावर तुरीच्या शेंगांचा खळखळ आवाज झाला आणि मी, पाहुण्याच्या उतावळेपणाने, बॅटरी पेटविली. प्रकाशाच्या झोतात तूर तेवढी दिसली. आवाज थांबला.

"पयले दगड, मंग उजेड," काकाजी हळूच म्हणाले. उजेड पडला की रोही, म्हणजे नीलगाय, जागच्या जागी उभी राहते, डुक्कर खाली बसते, आणि दोघांनाही आपण कोठे आहोत ते कळते, आपल्याला मात्र काहीच कळत नाही. तो आवाज रोह्यांचा होता हे त्यांनी उंचीवरून ओळखले: रोही तुरीचे शेंडे खुडते म्हणून शेंगा वरच्या वर वाजतात, डुक्कर बुडखा धसते म्हणून झाड मुळापासून हलते. त्यांनी दोन दगड सोडले, डबा एकदा वाजविला, आणि दूरच्या माळ्यावरून कोणीतरी "होऽऽ" अशी साद दिली. ही साद एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर जाते. जनावर आपल्याकडून निघाले, आता तुमच्याकडे येईल, एवढाच तिचा मजकूर.

त्या साऱ्या माळ्यांपैकी एकावर दिवा मात्र निळसर लुकलुकत होता. ते झटका-यंत्र: सौर पट्टीवर भरलेल्या बॅटरीतून कुंपणाच्या तारेत क्षणभराचे ठोके सोडणारे, जनावराला दणका देणारे पण न मारणारे. ज्यांच्याजवळ त्याचे पैसे नसतात त्यांतील काहीजण जुन्या साड्या बांधतात, आणि काहीजण सरळ खांबावरची वीज तारेत सोडतात. हा प्रकार गुन्हा आहे हे सर्वांस ठाऊक आहे. ब्रह्मपुरीकडून पकडून आणून, गळ्यात रेडिओ-पट्टा घालून बोरमध्ये सोडलेली वाघीण 2017 च्या ऑक्टोबरात कारंजा (घाडगे) तालुक्यात एका शेतातील अशाच जिवंत तारेला लागून मेली. तिने माणसे मारली होती आणि तिला ठार करण्याचा हुकूम निघाला होता. शिकारी तिच्या मागावर असताना तिला शेवटी ज्या तारेने गाठले, ती डुकरांसाठी होती. काकाजींना हे सारे ठाऊक होते. त्यांच्या वावरास तार नाही, आणि तिचे नाव काढले की ते दुसरीकडे पाहतात.

या मुलखात अहिंसेचा विषय निघाल्यावाचून राहत नाही, कारण सेवाग्राम येथून जवळच. आश्रमात साप मारीत नसत. चिमट्याने धरून पेटीत घालून रानात सोडीत, आणि तो चिमटा व पेटी आजही तेथे पाहावयास मिळते. परंतु पिकांच्या नासाडीसंबंधी महात्माजी याच्या पुढे गेले होते. 1946 साली 'हरिजन'मध्ये त्यांनी स्पष्ट लिहिले की, माणसाला खाऊन टाकणाऱ्या किंवा अपाय करणाऱ्या प्राण्यांचा जीव वाचविण्याची भावना आपल्यापाशी नाही.  आता सरकारी नियमही काही अंशी तसाच आहे: पिकांचा नाश करणाऱ्या रानडुकरास व रोह्यास मारण्याचा परवाना वनाधिकारी अटींवर देऊ शकतात. मी विचारले, परवाना मागितला होता काय? मुलगा चिखलाचे पाय घेऊन तेवढ्यात चहासाठी वर आला होता, त्याने उत्तर दिले:

"परवाना भेटला तरी मारते कोन? बंदूक कोनापाशी आहे?"

तीनच्या पुढे थंडी फार वाढली. मी झोपलो असलो पाहिजे, कारण नंतरची गोष्ट मला पहाटेच कळली. आम्ही रात्रभर तोंडे उत्तरेला करून बसलो होतो. डुकरे दक्षिणेकडून आली. वारा पाठीशी घेऊन माणसावर चालून जाणे धोक्याचे, हे त्यांनाही कळते. त्यांनी नाल्याने वळसा घेतला, वाऱ्याच्या तोंडाला नाक लावले, आम्ही कोठे आहोत याचा सुगावा घेतला आणि आमच्यापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात शिरली. काकाजी उजाडताच खाली उतरून ओलितावरून चालत गेले आणि तेथे उकिडवे बसले. माती ओली होती, त्यामुळे माग छापल्यासारखे उठले होते. पुढे दोन खूर आणि त्यांच्या मागे, दोन बाजूंना, आखूड खुरांचे ठिपके: डुक्कर. चितळाचा माग टोकदार असतो आणि नरम भुईवाचून मागचे ठिपके सहसा उठत नाहीत. एक मोठी जोडी, तिच्याभोवती बऱ्याच लहान जोड्या, एकमेकींवर पडलेल्या.

"मादी आहे," ते म्हणाले. "पिलं घेऊन आली." आणि नंतर, जणू शेजारच्या घरची बातमी सांगावी तसे, "सहा असतीन."

हरभऱ्याची नऊ तासे उकरली होती. रोपे उपटून, मुळांशी माती उसपून, घाटे निवडून खाल्ले होते. वर आलेला पाला तेथेच, चहाच्या चोथ्यासारखा, पडलेला होता. मुलाने मोबाइलवर फोटो घेतले. मागच्या वर्षी एका दफ्तरात फोटोवाचून अर्ज चालणार नाही असे सांगितले, फोटो नेले तेव्हा सात-बारा मागितला, आणि सात-बारा नेला तोवर मुदत संपली होती. या खेपेस त्याने सात-बारा आधीच काढून ठेवला आहे. नुकसानीचा अर्ज तीन दिवसांच्या आत द्यावा लागतो; त्यानंतर पंचनाम्यास माणूस येतो. तो येईपर्यंत उकरलेला कोपरा तसाच ठेवायचा, तेथे पुन्हा पेरायचे नाही, असे काकाजींनी मला बजावले, जणू पेरणार मीच होतो. मग त्यांनी गोफण झटकून दव काढले, गुंडाळली आणि माळ्याच्या खुंटाला टांगली.