पानावरचा आठ डोळ्यांचा राखणदार

किनवट-हदगावकडे पऱ्हाटीत फिरताना किंवा औसा-निलंग्याकडे सोयाबीनच्या ओळीत वाकताना एक लहानसा केसाळ कोळी तुम्ही पाहिलाच असेल. तांदळाच्या दाण्याएवढा. हात जवळ नेला की आधी तो वळून तुमच्याकडे बघतो आणि मग टुणकन उडी मारतो. हा जाळे विणून वाट बघत बसणारा कोळी नव्हे. हा उड्या मारणारा, पाठलाग करून शिकार धरणारा.

याच कुळातली एक नवी जात २०२१ साली आपल्या राज्यातून नोंदली गेली. ठाणे-कल्याण परिसरातली ही जात ध्रुव प्रजापती व त्यांच्या सहकारी संशोधकांनी उजेडात आणली आणि तिचे नाव ठेवले 'आयसियस तुकारामी'. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात कसाबची बंदूक धरून ठेवणारे, सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, हे सर्वांना ठाऊक आहेच.

आता तुम्ही विचाराल, कोळी तर सगळे सारखेच दिसतात, मग हा नवा कशावरून? प्रश्न रास्त आहे. रंगावरून म्हणाल तर रंग फसवतो. अंगावरची लव झडली की रंग बदलतो, नर-मादी वेगळे दिसतात, स्पिरिटात ठेवलेला नमुना फिका पडतो. म्हणून तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली अवयव बघतात. कोळ्याचे अंग दोनच भागांचे, पाय आठ, मिशा नाहीत. किडा आणि कोळी यांतला फरक इथेच कळतो. उडी मारणाऱ्याचे तोंड सपाट, आणि पुढे चार डोळे ओळीने. त्यातले मधले दोन टपोरे, मोटारीच्या दिव्यांसारखे. उरलेले चार डोक्यावर, मागे. त्यामुळे तुम्ही पाठीमागून गेलात तरी त्याला कळते.

खरी ओळख मात्र तोंडापुढच्या दोन आखूड हातांत आहे. वयात आलेल्या नराच्या या हातांची टोके फुगीर असतात. त्यांतून तो मादीला बीज देतो. या टोकाची घडण प्रत्येक जातीत निराळी. मादीच्या पोटाखालच्या जननद्वाराची घडणही तशीच निराळी. कुलूप आणि किल्लीच म्हणा ना. म्हणून पिल्लावरून जात ठरवता येत नाही. ज्या नमुन्यावरून वर्णन लिहिले तो जपून ठेवावा लागतो, पुढच्या माणसाला ताडून बघता यावा म्हणून. जमिनीच्या मोजणीला जसा हद्दीचा दगड, तसा तो नमुना. २०२२ साली जगातल्या नोंद झालेल्या कोळ्यांच्या जाती ५० हजारांवर गेल्या, त्या मोजणीतला पन्नास हजारावा कोळीसुद्धा उड्या मारणाराच निघाला, दक्षिण अमेरिकेतला.

त्याची उडीही बघण्यासारखी. मागच्या पायांत अंगातले रक्त जोराने भरून तो पाय ताठ करतो. उडण्याआधी रेशमाचा धागा पानाला चिकटवतो, म्हणजे नेम चुकला तरी लोंबकळून परत वर. बैलाच्या दाव्यासारखे!

या कुळाचे कोळी तुडतुडे, माशा, लहान अळ्या धरून खातात. पण उगाच देवत्वही देऊ नका. बोंडात शिरलेली गुलाबी अळी त्याला सापडत नाही, आणि कधी मित्रकिडाही तो खातो. तरी तो फुकटचा गडी आहे, आणि पहिल्याच कडक फवाऱ्यात तोच आधी मरतो.

आणखी एक घोटाळा होतो. पऱ्हाटीचे पान दुमडलेले दिसले की आपण म्हणतो, पान गुंडाळणारी अळी आली. पान उघडून बघा. आत काळी विष्ठा आणि खाल्लेले पान असेल तर अळी. पांढरी रेशमाची पिशवी असेल आणि पान साबूत असेल तर ते कोळ्याचे घर किंवा अंडी. ते तोडू नका. अंगावर फोड उठले की 'कोळी मुतला' म्हणण्याचीही आपल्याकडे रीत आहे. बरेचदा ती नागीण असते किंवा अंगावर चिरडलेला एखादा किडा. औषध डॉक्टरकडेच घ्यावे.

राज्यात २००९ पासून 'क्रॉपसॅप'खाली कीड-सर्वेक्षण सुरू झाले. तुमच्या शेतात झाडे मोजाल तेव्हा कोळीही मोजा. दोन किडींमागे एक मित्र दिसत असेल तर थोडे थांबता येते, असा कीड व्यवस्थापनातला एक ढोबळ ठोकताळा आहे. नुकसानीची पातळी ओलांडली असेल तर गोष्ट वेगळी. सकाळी उन्हे चढण्याआधी मोजा.

आणि ग्रामसेवक, सरपंच मंडळींनो, २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार तुमच्या गावची लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती काढा आणि कोळ्यांचे पान उघडा. कोरे असेल तर शाळेतल्या पोरांना एक भिंग द्या. बांधावर, बाभळीवर, गोठ्याच्या कुडावर काय काय दिसते ते तारीख, ठिकाण आणि झाडाच्या नावासह लिहून ठेवायला सांगा.