कुलूप लावलं होतं का?

सायकल चोरीला गेली की जो तो पहिला प्रश्न विचारतो, "कुलूप लावलं होतं का?" घरी, शेजारी, पोलीस चौकीवर, सगळीकडे हाच प्रश्न. चोराची चौकशी नंतर; आधी मालकाची.

१९८५ साली पुण्यातल्या एका शाखेत मी नवा अधिकारी होतो. आमच्या शिपाईमामांनी बँकेकडून उचल घेऊन हिरवीगार सायकल घेतली होती. रोज सकाळी तेलाच्या फडक्याने पुसत. एका दुपारी क्लिअरिंगला उशीर होऊ लागला. "मामा, पळा!" असे मीच ओरडलो. चेक वेळेत पोचले. मामा मात्र चालत परत आले. "साहेब, घाईत किल्ली फिरवायची राहिली."

पुढे वीस महिने नसलेल्या सायकलचा हप्ता त्यांच्या पगारातून कापला गेला आणि त्या कागदावर सही माझी असे. मामा पर्वतीच्या पायथ्याहून चालत येत. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते.

पुढे डी सिकांचा १९४८ सालचा 'बायसिकल थीव्हज' पाहिला. घरच्या चादरी गहाण टाकून सोडवलेली सायकल कामाच्या पहिल्याच दिवशी चोरीला जाते आणि बाप मुलाला घेऊन रोमच्या बाजारात ती शोधत फिरतो. मला रोम दिसलेच नाही. मामाही कित्येक रविवार जुन्या बाजारात हिरवा रंग शोधत हिंडत होते.

मामांनी त्या दिवशी किल्ली फिरवली असती, तरी सायकल वाचलीच असती असे नाही. मागच्या चाकाचे कडी-कुलूप सायकलला फक्त स्वतःशीच बांधते. चाक फिरत नाही, पण खांद्यावर टाकायला किंवा टेंपोत चढवायला चाक फिरावे कशाला लागते? सायकल जमिनीत रोवलेल्या कशाला तरी बांधली पाहिजे. सांगाड्याचा त्रिकोण, मागचे चाक आणि खांब, या तिन्हींतून कुलूप गेले पाहिजे. खांबही हलवून पाहावा. बुटका असेल तर चोर कुलपासकट सायकल वरून उचलून घेतो. प्लास्टिकच्या वेष्टणातली बारीक तार हातातल्या कटरने तुटते. पोलादी यू-कुलूप महाग आणि जड असते, पण दहा हजारांच्या सायकलला दीडशेचे कुलूप लावणारा माणूस कर्जाला तारण न घेणाऱ्या मॅनेजरसारखाच म्हणायचा. हल्लीच्या कित्येक सायकलींचे पुढचे चाक आणि सीट नुसत्या खटक्याने निघते, तेही बांधावे. आणि सोसायटीच्या जिन्याखाली महिनोन्महिने धूळ खाणारी सायकल? ती गेल्याचे मुलांच्या परीक्षा संपल्यावर कळते.

पायडलचा आस ज्या नळीतून जातो, तिच्या खालच्या बाजूला बहुधा एक क्रमांक कोरलेला असतो. सायकल उलटी करून तो आजच टिपून ठेवा. सोबत पावती आणि फोटो. आमच्याकडे हे सगळे रेशनकार्डाच्या डब्यात असते.

पावतीला आता आणखी एक महत्त्व आले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. चोरलेली वस्तू पाच हजारांपेक्षा कमी किमतीची असेल, तर तो गुन्हा अदखलपात्र. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या चोराने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. चोराला सुधारायची संधी मिळावी, हे मला मान्य आहे. पण किमतीची ही रेघ माझ्यातल्या जुन्या बँकवाल्याला खटकते. हौसेने टेकडीवर जाणाऱ्याची गिअरची सायकल रेघेच्या वर राहते. पहाटे पेपर टाकणाऱ्या पोराची, वॉचमनची, धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाईची जुनी सायकल रेघेखाली येते. ज्याची रोजीरोटी तिच्यावर चालते, त्याचीच चोरी कायद्याच्या हिशेबात लहान.

हप्ते फिटल्यावर मामांनी त्याच जुन्या बाजारातून एक काळी सायकल घेतली, पावती मागून. तिला दोन कुलपे होती आणि किल्ल्या करगोट्याला. क्लिअरिंगची वेळ झाली की मी आपला लेजरमध्ये मान घालून बसायचो, घड्याळाकडे पाहायचो नाही.