मीटिंगला आपली आई हवी

"पोरगं ऐकतच नाही, घरीच ठेवा," असं शाळेनं सांगितलं, म्हणून वस्तीतली एक आई त्याला घेऊन माझ्याकडे आली. पोर हट्टी नव्हतं. कान वाहून वाहून त्याला ऐकूच कमी येत होतं.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया हव्यात, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. वंचितांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा; 2012 पासून अपंग मूलही त्यात धरतात. पण आपण काय करतो? रजिस्टर घरी येतं, सही ठोकतो!

ती आई मीटिंगला गेली. "पहिल्या बाकावर बसवा, फळ्याकडे तोंड करून शिकवू नका," म्हणाली. इतिवृत्तात लिहून घेतलं. श्रवणयंत्राचा अर्ज अजून लटकलाय. पुढच्या मीटिंगला आम्ही दोघी जातोय.