उताऱ्यावरचे नाव आणि उसाचे बिल



गळीत हंगामात आमच्याकडे एक तक्रार हमखास येते : ऊस गेला, पण बिल अडकले. कारण पुष्कळदा नावाचे असते. वडिलांच्या वाटणीची जमीन लेकीच्या माहेरच्या नावावर, बँकेचे पासबुक सासरच्या. बाई एकच, कागदावर दोन!

लग्न झाले किंवा राजपत्रात नाव बदलले, म्हणून सातबारा आपोआप बदलत नाही. तलाठी कार्यालयात अर्ज द्या. सोबत विवाह नोंदणीचा दाखला अथवा राजपत्राची प्रत, आधार व चालू उतारा जोडा. नोंद गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवहीत धरली जाते. संबंधितांना नोटीस निघते. मंडल अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केल्यावरच उताऱ्यावर नाव चढते. तेव्हा अर्ज दिला, काम झाले, असे समजून घरी बसू नका. नुसते लिहिण्यात अक्षर चुकले असेल तर जमीन महसूल संहिता १९६६, कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्ती मागावी.

नवा सातबारा व ८-अ हाती येताच गट ऑफिसात ऊस नोंद, शेअर दाखला आणि बँक खाते जुळवून घ्या. "राहू द्या साहेब, बिल कारभाऱ्याच्या नावावर टाका," ही पळवाट नको. जमीन तिची, तर बिलही तिच्याच नावाने निघावे.